अंगावर काढलं, पण नेमकं कशावर?



वॉर्डात ड्युटी करताना एक उत्तर आम्ही रोज ऐकायचो. "मावशी, इतके दिवस का आला नाहीत?" असं विचारलं की उत्तर यायचं, "सिस्टर, अंगावर काढलं." आता वस्तीवस्तीत फिरतो, तिथेही तेच ऐकतो. सांगणारीच्या आवाजात थोडा अभिमानही असतो. कष्टकरी घरात सोसणं हा गुण मानला जातो. आमचं मत वेगळं आहे. शरीराचे सगळे भाग सारखे सोसत नाहीत. काही भरून येतात, काही कधीच येत नाहीत. कुठले कुठले, हे प्रत्येक घराला माहीत हवं.

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'ऊती' हा शब्द येतो. एकसारखं काम करणाऱ्या पेशींचा समूह म्हणजे ऊती. मुलांना विचारा, ती चार नावं सांगतील: अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता.

अभिस्तर ऊती म्हणजे शरीराचं अस्तर. कातडीचा वरचा थर, तोंडाच्या, आतड्याच्या, श्वासनलिकेच्या आतला थर. जंतूंना बाहेर ठेवणं हे तिचं मोठं काम. ती झिजते आणि नवी होते. कातडीचा वरचा थर साधारण महिन्याभरात बदलतो, म्हणून खरचटलेलं बरं होतं. पण रोज मिशरी, तंबाखू, गुटखा लावला तर तिचीही हद्द संपते. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, फोड दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर डॉक्टरांना दाखवा. सफाईच्या कामावर हाताला कापलं, तर तेवढी भिंत फुटली असं समजा. हातमोजे आणि गमबूट मागणं हा लाड नाही. सुरक्षा साधनं न देता गटारात, सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे.

संयोजी ऊती शरीर जोडते आणि तोलून धरते. हाडं, कूर्चा, चरबी, आणि रक्तसुद्धा याच प्रकारातलं. मोडलेलं हाड नीट बसवलं तर जुळतं. रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, मग नवी तयार व्हावी लागते. त्यासाठी लोह लागतं. बाईचं हिमोग्लोबिन १२ तरी हवं, गरोदरपणात ११ तरी. जिना चढताना धाप लागते, चक्कर येते, तर "बाईच्या जातीला हे असायचंच" म्हणू नका, रक्त तपासा. गुटख्याने तोंडाच्या अस्तराखालची ही ऊती घट्ट होत जाते. तोंडात तीन बोटं उभी मावेनाशी होतात. ते तोंड पुन्हा पहिल्यासारखं होत नाही.

स्नायू ऊती हालचाल करते. हातापायांचे स्नायू आपल्या इच्छेने चालतात. आतड्याचे, गर्भाशयाचे आपोआप चालतात. ओझं उचलून दुखलेला दंड दोन दिवसांच्या विश्रांतीने बरा होतो. हृदयाचा स्नायू मात्र तसा नाही. झटक्यात त्याचा मेलेला भाग नव्याने तयार होत नाही, तिथे नुसता व्रण राहतो. छातीत दाब, घाम, जबड्यात किंवा पाठीत कळ, यावर "गॅस असेल" म्हणून सोडा पाजत बसू नका. १०८ला फोन करा.

चेता ऊती म्हणजे मेंदू, मज्जारज्जू आणि नसा. निरोप पोचवणं हे तिचं काम. ती सगळ्यात कमी भरून येते. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात असू शकतो. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. "सकाळी बघू" म्हटलं की ती वेळ गेली.

आमच्या वॉर्डातली एक मावशी आम्ही विसरलो नाही. धुणीभांडी करायची, साखरेचा आजार होता. चप्पलमधून खिळा पायात गेला, तिला कळलंच नाही, कारण साखरेने पायाच्या नसा बधिर झाल्या होत्या. वास यायला लागला तेव्हा ती आली. गुडघ्याखाली पाय काढावा लागला. ती म्हणत होती, "पण दुखत नव्हतं हो." न दुखणारी जखमच जास्त धोक्याची, हे तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

दोष मावशीचा नव्हता. सकाळची ओपीडी गाठायची तर दिवसाचा रोज बुडतो. म्हणून आमच्या दोन मागण्या आहेत. पहिली सरकारकडे: वस्तीजवळच्या दवाखान्यात संध्याकाळची ओपीडी ठेवा. दुसरी आपल्याकडेच: महिला मंडळाच्या बैठकीत महिन्यातून एकदा बीपी आणि साखर तपासून घ्या. साखर असलेल्यांनी रोज रात्री तळपाय उजेडात पाहावेत, दिसत नसेल तर नातवाला पाहायला सांगावं.

सोसण्याची ताकद आपल्यात भरपूर आहे. ती कातडीवरच्या ओरखड्यासाठी ठेवा. हृदयाच्या आणि मेंदूच्या बाबतीत अंगावर काढायचं नसतं.