रेल्वेने 326 किलोमीटर, रस्त्याने 230: सातारा-सांगलीचा प्रवास नेमका कोणी आखला?

कोल्हापूरहून पुण्याला रस्त्याने यायचं तर साधारण 230 किलोमीटर पडतात. रेल्वेने मात्र तेच अंतर 326 किलोमीटर होतं. मधल्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांतले लोक रेल्वे असूनही एसटी, खासगी गाडी किंवा ट्रॅव्हल्स का धरतात, याचं अर्धं उत्तर या दोन आकड्यांतच आहे.

उरलेलं अर्धं उत्तर जवळपास 140 वर्षं जुनं आहे.

रेल्वे एवढी वळसा घालून का जाते?

पुणे-मिरज मार्ग सदर्न मराठा रेल्वेने 1880 च्या दशकात बांधला, तोही मीटरगेज. कात्रज आणि खंबाटकीचे उभे चढ टाळून रूळ जेजुरी, नीरा, लोणंद, वाठार असे पूर्वेकडून नेले. पुढे कोल्हापूरला जाण्यासाठी आधी मिरजेपर्यंत यायचं आणि मग पश्चिमेला वळायचं. मिरज-कोल्हापूर हा फाटा 1891 मध्ये सुरू झाला.

मार्ग आखताना शहरांच्या सोयीपेक्षा चढ-उताराचा हिशोब मोठा ठरला. सातारा स्टेशन शहरात नाही, माहुलीजवळ आहे. कराडचं स्टेशन ओगलेवाडीला आहे. गाडीतून उतरल्यावर रिक्षा किंवा बस शोधावीच लागते. एसटी मात्र थेट गावातल्या स्टँडवर सोडते.

रुळांनी कोणाचं नशीब बदललं?

सगळ्यात मोठा फायदा मिरजेचा झाला. 1927 मध्ये बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज गाडी पंढरपूरमार्गे मिरजेपर्यंत आली. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याकडचा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि एकाच जंक्शनवर तिन्ही गेज दिसू लागले.

दुसरं उदाहरण किर्लोस्करवाडीचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये कारखान्यासाठी जागा निवडली ती कुंडल रोड स्टेशनजवळची, माळरानावरची. स्टेशन होतं म्हणून कच्चा माल आणणं आणि नांगर बाहेर पाठवणं शक्य झालं. पुढे स्टेशनलाही किर्लोस्करवाडी हेच नाव मिळालं.

मग महामार्गाने काय केलं?

रेल्वेने पूर्वेची बाजू धरली होती, महामार्गाने पश्चिमेची धरली. मुंबई-बंगळुरू महामार्ग, म्हणजे जुना एनएच 4 आणि आताचा 48, सातारा आणि कराडला लागून जातो. सांगली शहर मात्र त्यावर नाही. पेठ नाक्यावरून आत वळावं लागतं.

गंमत म्हणजे हे दोन्ही जिल्हे एकेकाळी एकच होते. 1949 मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि 1960 मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. आज साताऱ्याला महामार्ग लागून मिळतो, पण स्टेशन लांब पडतं. सांगलीला स्टेशन शहरात आहे, पण महामार्ग लांब आहे.

वंदे भारतने चित्र बदललं का?

सप्टेंबर 2024 मध्ये कोल्हापूर-पुणे वंदे भारत सुरू झाली. मिरज, सांगली, किर्लोस्करवाडी, कराड आणि सातारा असे तिचे थांबे. सुरुवातीचं वेळापत्रक सव्वापाच तासांचं होतं, म्हणजे सरासरी वेग ताशी सुमारे 62 किलोमीटर.

वेगवान म्हणवणारी गाडी इथे एवढीच का धावते? कारण गाडी नवी असली तरी आखणी जुनीच आहे. विद्युतीकरण आणि दुहेरीकरणामुळे क्रॉसिंगसाठी थांबण्याचा वेळ वाचतो, पण वळणं आणि वळसा तसाच राहतो.

आता नवी रेषा: शक्तिपीठ

नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाचा मूळ प्रस्ताव सुमारे 802 किलोमीटरचा होता. मूळ आखणीतल्या 12 जिल्ह्यांत सांगलीही होती. 18 तासांचा प्रवास 8 तासांवर येईल, असा सरकारचा दावा आहे. जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने भूसंपादनासाठी मोठ्या निधीला मंजुरी दिली.

सांगली आणि कोल्हापुरातल्या शेतकऱ्यांचा विरोध दोन मुद्द्यांवर आहे. पहिला मुद्दा बागायती जमिनीचा. दुसरा मुद्दा पुराचा. 2005, 2019 आणि 2021 मध्ये कृष्णाकाठ पाण्याखाली गेला होता. उंच भराव टाकून रस्ता बांधला तर पुराचं पाणी अडेल आणि गावांत जास्त दिवस साचून राहील, अशी त्यांना भीती आहे. शिवाय रत्नागिरी-नागपूर महामार्ग मिरजेजवळून जातोच, मग दुसरा कशाला, हाही त्यांचा प्रश्न आहे. विरोधानंतर मार्ग बदलण्याच्या हालचालीही झाल्या.

तुमच्याशी याचा काय संबंध?

रोज प्रवास करणाऱ्यांपैकी नागपूरहून गोव्याला जाणारे किती, आणि कराडहून साताऱ्याला कॉलेजला, तासगावहून मिरजेला दवाखान्यात जाणारे किती? या दुसऱ्या गटाला हवं असतं ते साधं: वेळेवर एसटी, स्टेशनपासून स्टँडपर्यंत बस आणि कामाच्या वेळेला पॅसेंजर गाडी. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पण सवलतीचा उपयोग गाडी आली तरच.

यातल्या बऱ्याच गोष्टींना नवी जमीन लागत नाही आणि त्या वेळापत्रक बदलूनही सुरू होऊ शकतात. याउलट नकाशावरची रेषा एकदा पक्की झाली की बदलत नाही. माहुलीच्या स्टेशनवर उतरून साताऱ्याची रिक्षा शोधणारा प्रवासी आजही 1880 च्या दशकातला निर्णय भोगतो आहे. म्हणून हरकती नोंदवण्याची वेळ रस्ता झाल्यावर नाही, आखणी सुरू असतानाच असते.