रायफलला भोक पाडू नका

‘स्क्रू मिळत नाही? मग ड्रिल मार!’ इंग्लंडमधल्या रेंजवर हा सल्ला ऐकला की मला संताप येतो. पार्कर-हेलची ५सी टार्गेट साइट ली-एनफील्ड नंबर ४ वर मूळच्याच भोकांत बसते. लष्करी रायफल शाबूत ठेवून नेमबाजी करता येते ती त्यामुळेच. अडचण सुट्या भागांची आहे: एनफील्डचे आटे आजच्या मेट्रिक स्क्रूंना जुळत नाहीत आणि काही विक्रेते साइट, पट्टी, स्क्रू सुटे करून विकतात. म्हणून महायुद्धातल्या रायफलला भोक पाडायचं? ‘रायफल माझी आहे’ हे उत्तर मला पुरत नाही. वाट पाहा, नाहीतर लेथवर स्क्रू करून घ्या. स्क्रू नवा बनतो. मूळ रायफल नाही.