संगणकाची निवड आणि सॉफ्टवेअरची सुसंगतता

विंडोज घ्यावे की मॅक, असा प्रश्न निघाला की अलीकडे एक मत मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते: पत्रव्यवहार, बँकेचे व्यवहार, तिकिटांचे आरक्षण हे सारे आता ब्राउझरमध्येच होत असल्यामुळे कोणते सॉफ्टवेअर कोठे चालते ही चौकशी कालबाह्य झाली असून, ग्राहकाने यंत्राची बांधणी, पडद्याची सुस्पष्टता आणि बॅटरीचा टिकाव एवढेच पाहून निवड करावी. ज्याची गरज खरोखर तेवढीच आहे त्याच्यापुरते हे मत मला मान्य आहे. परंतु ज्याचा चरितार्थ संगणकावर अवलंबून आहे त्यालाही हाच सल्ला द्यावा, हे सर्वथा अग्राह्य होय.

इतिहासाचा दाखला या मताविरुद्ध जातो. १९८४ साली मॅकिंटॉश बाजारात आला तेव्हा चित्रमय पडदा आणि माउस यांच्या योगाने वापराच्या सुलभतेत तो आयबीएम पीसीच्या पुष्कळच पुढे होता. तरीही अमेरिकेतील बहुतेक कचेऱ्यांनी पीसीचीच कास धरली, याचे एक प्रमुख कारण असे की, वर्षभर आधी आलेल्या लोटस वन-टू-थ्री या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरवर त्यांच्या हिशेबाची भिस्त होती आणि ते पीसीवर चालत असे. पीसीच्या प्रतिकृती बनवणाऱ्यांच्या यंत्रांची पारखही त्यावर लोटस चालते की नाही यावरून होई. पुढे १९८५ मध्ये पेजमेकर हे पृष्ठमांडणीचे सॉफ्टवेअर प्रथम मॅकिंटॉशवर अवतरले, आणि मांडणी-छपाईच्या व्यवसायातील मंडळी त्याच मॅकिंटॉशकडे वळली. दोन व्यवसायांचे निकाल परस्परविरुद्ध लागले खरे, पण दोघांनीही आपले काम ज्यावाचून अडते तेच सॉफ्टवेअर प्रमाण मानले होते. आजही टॅलीवर जमाखर्च ठेवणाऱ्या व्यापाऱ्याने मॅक घेतला, तर टॅली विंडोजसाठी बांधलेले असल्यामुळे त्याला ते चालवण्याची निराळी तजवीज करावी लागते, आणि त्या तजविजीचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरला पाहिजे.

यावरून दुसरा पक्ष असा निष्कर्ष काढतो की, ज्या प्रणालीवर सर्वांत अधिक सॉफ्टवेअर, तीच श्रेष्ठ. हाही हेत्वाभास आहे. हजारो प्रोग्रामांपैकी आपल्या उपयोगाचे चार-पाच. बाकीच्यांच्या संख्येने आपले एक पानही पुरे होत नाही. शिवाय आजची सुसंगतता ही उद्याची हमी नव्हे: ६४-बिट विंडोज जुने १६-बिट प्रोग्राम चालवीत नाही, आणि मॅकच्या प्रणालीच्या २०१९ मधील कॅटलिना आवृत्तीने तीवरील यच्चयावत ३२-बिट सॉफ्टवेअर एका फटक्यात निरुपयोगी ठरवले.

म्हणून माझे प्रतिपादन असे की, प्रोग्रामाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, विचार दस्तऐवजांचा व्हावा. प्रोग्राम पुन्हा विकत मिळेल. वीस वर्षांचे दप्तर मिळणार नाही. मराठी लेखक-प्रकाशकांना तर हे विशेष कळकळीने सांगावेसे वाटते. १९९१ पासून युनिकोडमध्ये देवनागरीला स्थान असतानाही आपला कितीतरी मजकूर श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत बांधला गेला. त्या फाँटांत देवनागरीची वळणे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत, सबब तो फाँट नसलेल्या यंत्रावर कादंबरीचे पान उघडले की रोमन अक्षरांची निरर्थक रास दिसते. विंडोजवरून मॅकवर किंवा लिनक्सवर जाणाऱ्याला ही अडचण पहिल्याच दिवशी भेटते; पण विंडोजवरच राहणारा त्यातून सुटतो असे नाही, कारण तो केवळ त्या जुन्या सॉफ्टवेअरच्या आयुष्याशी स्वतःला बांधून घेतो.

तेव्हा यंत्राची खरेदी ठरवण्यापूर्वी आपली एक खरीखुरी फाइल, जोडाक्षरे, तळटीपा आणि कोष्टके असलेली, त्या प्रणालीवर उघडून, दुरुस्त करून, छापून पाहावी. आणि जुना मजकूर युनिकोडमध्ये आणून तपासण्याचे काम, जुने यंत्र चालू आहे तोवरच पुरे करावे, अशी वाचकांना आग्रहाची विनंती आहे.