मधी कोण वाचतंय?

उमरगा तालुक्यातल्या एका गावात बचतगटाच्या बैठकीत मी आमच्या केंद्राच्या वेबसाइटची माहिती देत होते. तक्रारीचा फॉर्म आहे, केंद्रावर येणं जमत नसेल तर त्यावर लिहा, असं मोठ्या उत्साहानं सांगितलं. मागे बसलेल्या एका बाईनं विचारलं, ‘‘ताई, ह्ये लिव्हलेलं मधी कोण वाचतंय का?’’

मी ‘नाही’ म्हणून टाकलं. परत येताना एसटीत मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना, कारण खरं उत्तर मला माहीत नव्हतं. साइट करून देणाऱ्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, ‘‘मॅडम, साइट साध्या एचटीटीपीवर आहे. सुरक्षित करायला वेगळे पैसे लागतील. पण तुम्ही काय बँक आहात का?’’

मैत्रिणींनो, या वाक्यावर आपण भांडायला हवं. बँकेच्या खात्यातले पैसे गेले तर तक्रार तरी करता येते. ‘नवरा मारतो, दीर त्रास देतो, मला घर सोडायचंय’ हे वाक्य दिराच्या हाती लागलं तर त्या बाईचं काय होईल, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

पूर्वी सासरहून माहेरी पत्र टाकायचं तर पोस्टकार्ड की आंतरदेशीय, याचा बायका नीट विचार करत. पोस्टकार्ड वाटेत कुणीही वाचावं. साधं एचटीटीपी म्हणजे तेच पोस्टकार्ड. बाई फॉर्ममध्ये जे लिहिते ते उघड्या अक्षरात जातं. वाटेत ज्याच्या हातात यंत्र आहे, म्हणजे सायबर कॅफेचा मालक किंवा ज्याच्या वायफायवर ती बसली आहे तो माणूस, त्याला ते वाचता येतं. गावात हा माणूस बहुधा कुणाचा तरी भाऊ नाहीतर पुतण्याच असतो! तो नुसता वाचतो असं नाही, पान बदलूही शकतो. आपल्या हेल्पलाइनच्या जागी दुसराच नंबर दिसला तर बाईला कळणारही नाही.

एचटीटीपीएसमध्ये बाईचा फोन आणि आपला सर्व्हर आधी आपसात एक गुप्त किल्ली ठरवतात आणि मग मजकूर कुलूपबंद होऊन जातो. समोरचा सर्व्हर त्याच पत्त्याचा आहे याची साक्ष एक प्रमाणपत्र देतं. हे प्रमाणपत्र फुकट मिळतं, हे मला त्या मुलानं सांगितलं नव्हतं. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही ना-नफा संस्था 2015 च्या अखेरीपासून सर्वांना ते मोफत देते आहे. पुष्कळ होस्टिंग कंपन्यांच्या पॅनेलवर त्यासाठी बटण असतं. आमच्या पॅनेलवरही होतं. एका दुपारचं काम निघालं. जुन्या पत्त्यावर येणारीला आपोआप नव्या पत्त्यावर वळवायचं राहू नये, एवढं लक्षात ठेवावं लागतं.

आम्ही दुसरीकडे चुकलो. हे प्रमाणपत्र 90 दिवसांचं असतं आणि त्याचं आपोआप नूतनीकरण लावून घ्यावं लागतं. ते आम्ही लावलं नव्हतं. तीन महिन्यांनी साइट उघडली की कनेक्शन खाजगी नसल्याचा मोठा इशारा येऊ लागला. आधीच घाबरलेली बाई ते पान पाहून काय करेल? बंदच करेल. त्या दिवसांत किती जणी परत गेल्या ते कळायला मार्ग नाही.

कुलूप लागलं म्हणजे सगळं झालं, असंही नाही. वाटेतल्या माणसाला मजकूर दिसत नाही, पण साइटचं नाव बहुधा दिसतं. नावातच ‘अत्याचार’ असेल तर तेवढंही पुरे होतं. म्हणून नाव साधं ठेवावं असं माझं मत आहे, मग देणगीदारांना ते आवडो न आवडो. कॅफेच्या कॉम्प्युटरमध्येच कुणी काही बसवलं असेल, किंवा नवरा रोज फोन तपासत असेल, तर हे कुलूप कामाचं नाही. आणि ठगांच्या साइटलाही ते लावता येतं. क्रोमनं पत्त्याशेजारचं कुलपाचं चित्र 2023 मध्ये काढलं, ते लोक त्या चित्रावर भलताच भरवसा ठेवत होते म्हणूनच.

मला सर्वांत जास्त खटकलं ते पुढेच. फॉर्म भरला की मजकूर कुठे जात होता? साइट करणाऱ्या मुलाच्या खाजगी ईमेलवर! पॅनेलचा पासवर्डही एकट्या त्याच्याकडे होता. त्यानं काही वाईट केलं असं मी म्हणत नाही. पण कपाटातल्या केसच्या फायली आपण अशा कुणाच्या घरी ठेवल्या असत्या का?

पीडितेचं नाव छापू नये हा कायदा कुणी आपणहून दिलेला नाही. मथुरा प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा 1983 मध्ये कलम 228-अ आलं. आज ते भारतीय न्याय संहितेत कलम 72 म्हणून आहे. इतरांनी नाव फोडू नये म्हणून लढणाऱ्या आपणच तिचं नाव उघड्या कार्डावर मागवत असू, तर ‘तांत्रिक बाबी आम्हाला कळत नाहीत’ ही सबब चालणार नाही. एफआयआर, पोटगी, डीआयआर हे सगळं तरी आपल्याला जन्मतः कुठे येत होतं? ज्या गटांच्या साइटवर अजून कुलूप नाही, त्यांनी ते लागेपर्यंत फॉर्म काढून ठेवावा आणि फक्त फोन नंबर द्यावा.

आम्ही तसंच केलं, आणि आता फॉर्म परत लावला आहे. मजकूर केंद्राच्या ईमेलवर येतो, पासवर्ड दोघी कार्यकर्त्यांकडे आहे. नूतनीकरण आपोआप होतं, तरी तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर कोर्टाच्या तारखांशेजारी लिहिलेली असते. फॉर्मच्या वर एक ओळ टाकली आहे: हा फोन दुसरं कुणी बघत असेल तर इथे लिहू नका, फोन करा. उमरग्याच्या त्या बैठकीला पुढच्या महिन्यात पुन्हा जायचं आहे. मागच्या वेळचं माझं ‘नाही’ खोटं होतं, हे तिथे आधी सांगणार आहे.