विश्लेषण : क्षयजंतूंचा ‘वीजपुरवठा’ तोडणारे उपचार काय आहेत?

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरील सहा महिन्यांच्या ‘बीपाल्म’ उपचारपद्धतीला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. पूर्वी हे उपचार २० महिन्यांपर्यंत चालत. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात असल्याने हा बदल महत्त्वाचा आहे. या उपचारांचा कणा असलेले बेडाक्विलीन हे औषध जंतूच्या श्वसनावरच घाला घालते.

जंतू ‘श्वसन’ कसे करतात?

अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन जंतूच्या पेशीपटलातील प्रथिनांच्या साखळीतून पुढे सरकतात आणि शेवटी ऑक्सिजनला मिळतात. या प्रवासात मिळणाऱ्या ऊर्जेवर प्रोटॉन पटलाबाहेर ढकलले जातात. धरणातील पाणी खाली येताना टर्बाइन फिरवते, तसे हे प्रोटॉन आत परतताना ‘एटीपी सिंथेज’ हे प्रथिनांचे चक्र फिरवतात. त्यातून एटीपी हे पेशीचे इंधन तयार होते. ही मांडणी करणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मिचेल यांना १९७८ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

बेडाक्विलीन काय करते?

ते या चक्रालाच खीळ घालते. बहुतेक प्रतिजैविके वाढणाऱ्या जंतूंवर प्रभावी ठरतात. पण सुप्त जंतूलाही तग धरण्यासाठी एटीपी लागतेच. त्यामुळे बेडाक्विलीन त्यालाही गाठते. मानवी पेशींतही असे चक्र असते, मात्र हे औषध त्याला फारसे चिकटत नाही. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकत असल्याने रुग्णाचा ईसीजी तपासत राहावा लागतो. सोबत प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन दिले जाते.

जंतू पळवाट काढतात का?

हो. इलेक्ट्रॉनच्या साखळीला शेवटी दोन फाटे आहेत. टेलासेबेक हे प्रायोगिक औषध त्यातील मुख्य मार्ग अडवते, तेव्हा क्षयजंतू ‘सायटोक्रोम बीडी’ या आडवाटेने इलेक्ट्रॉन नेतो. वाढ थांबते, पण जंतू मरत नाही. म्हणूनच दोन्ही वाटा एकदम बंद करण्यावर संशोधन सुरू आहे. बेडाक्विलीनविरुद्धही प्रतिकार दिसू लागला आहे. काही जनुकीय बदलांमुळे जंतू औषध बाहेर फेकणारे पंप वाढवतो. त्याच बदलाने क्लोफाझिमिन हे दुसरे औषधही निष्प्रभ होऊ शकते.

औषध स्वस्त कसे झाले?

बेडाक्विलीनच्या मूळ पेटंटची मुदत जुलै २०२३ मध्ये संपली. जॉन्सन अँड जॉन्सनने त्याच्या क्षाररूपावर आणखी एक पेटंट मागितले होते. ते मिळाले असते तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी त्याला आव्हान दिले. दोघीही क्षयातून बऱ्या झाल्या, पण जुन्या औषधांच्या दुष्परिणामाने त्यांची श्रवणशक्ती गेली होती. भारतीय पेटंट कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये कंपनीचा अर्ज फेटाळला आणि जेनेरिक औषधांचा मार्ग मोकळा झाला.

पुढे काय?

किंमत उतरली, तरी उपचार अर्धवट सुटले तर प्रतिकार वाढेल आणि हातातले नवे शस्त्रही बोथट होईल. त्यामुळे गोळ्यांच्या नियमित पुरवठ्याबरोबरच बेडाक्विलीनला जंतू दाद देतो का, हे तपासणारी सोय जिल्हा पातळीवर पोहोचणे तितकेच गरजेचे आहे.