जपानी कंपनीच्या नावामागचं शेपूट

भोसरीला माझ्या एका मित्राचा छोटा वर्कशॉप आहे. तीन सीएनसी मशिन्स, अकरा माणसं. गेल्या वर्षी त्याच्याकडे एका जपानी कंपनीची चौकशी आली, पितळी बुशिंगची. ड्रॉइंग आलं, सॅम्पल गेलं, मापं पसंत पडली. मी जपानी भाषांतराची कामं करतो, त्यामुळे पत्रव्यवहार माझ्या हातून जायचा. सगळं जुळत आलं आणि तिकडच्या खरेदी विभागातल्या बाईंनी अगदी नम्रपणे विचारलं, आपल्या कंपनीचा स्वतःचा ईमेल पत्ता कळवाल का?

मित्र म्हणाला, "अरे दिलाय की! जीमेलचा." यात चुकलं काय, हेच त्याला कळेना. "पंधरा वर्षं याच पत्त्यावर धंदा करतोय. बँक ओळखते, जीएसटीवाले ओळखतात, या बाईंनाच काय झालं?"

बाईंना काही झालं नव्हतं. जपानमध्ये कंपनीच्या कामाला फुकटातला ईमेल वापरला की समोरचा जरा सावध होतो. ऑफिस नाही का, कंपनी खरंच आहे का, अशी शंका मनात येते. तोंडावर कुणी बोलणार नाही, फाइल मात्र पुढे सरकत नाही.

याच्या मुळाशी एक छोटं शेपूट आहे: '.को.जेपी'. राकुतेन बघा, याहू जपान बघा, अगदी अमेरिकेची अ‍ॅमेझॉनसुद्धा तिथे अ‍ॅमेझॉन.को.जेपी आहे. आपल्याला वाटतं, असेल तिकडची पद्धत. पण हे शेपूट दुकानात जाऊन विकत घेता येत नाही. जपानमध्ये कायदेशीर नोंदणी झालेली कंपनी असेल तरच ते मिळतं. परदेशी कंपनीलाही तिथे नोंदणी करावीच लागते. कंपनी स्थापन व्हायची असेल तर नाव तात्पुरतं राखून ठेवता येतं, पण मुदतीत नोंदणी झाली नाही तर ते हातचं जातं. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणजे एका कंपनीला एकच नाव. विलीनीकरणासारखे काही अपवाद आहेत, पण मूळ नियम हाच. गठ्ठ्यानं शंभर नावं घेऊन ठेवायची आणि दुप्पट भावानं विकायची, हा धंदा तिथे चालत नाही.

जेपीआरएस नावाची संस्था हे सगळं सांभाळते. कंपन्यांना '.को.जेपी', सरकारी खात्यांना '.गो.जेपी', पालिका आणि प्रांतांना '.एलजी.जेपी', विद्यापीठांना '.एसी.जेपी'. म्हणजे पत्ता वाचतानाच समोरचा कोण आहे हे कळतं. नुसतं '.जेपी' मात्र २००१ पासून जपानमध्ये पत्ता असलेल्या कुणालाही मिळतं, एकाला कितीही. वरवर बघता दोन्ही सारखीच, पण जपानी माणूस त्यात फरक करतो.

हा फरक किती खरा आहे ते २०२३ मध्ये दिसलं. डोकोमो ही तिथली बलाढ्य मोबाइल कंपनी. तिची 'डोकोमो कोझा' नावाची पैशांच्या व्यवहाराची सेवा होती, ती बंद झाली. तिचं नाव नुसत्या '.जेपी'वर होतं. ते सुटलं आणि थेट लिलावात आलं. बोली ४० लाख येनच्या वर गेली! लोकांची बँक खाती जोडलेल्या सेवेचं नाव उद्या भामट्याच्या हाती पडलं तर काय, म्हणून बोंब झाली. शेवटी डोकोमोनं ते परत मिळवलं. कोविडच्या काळात काही प्रांतांनीही मोहिमांसाठी अशीच वेगळी नावं घेतली, काम झाल्यावर सोडून दिली आणि ती भलत्यांनीच उचलली. '.एलजी.जेपी' घरात असताना बाहेर भाड्यानं राहायला जायची गरज काय होती?

आता कुणी म्हणेल, मग जपानमध्ये फसवणूक होत नसेल. होते की, भरपूर होते. 'राकुतेन-को-जेपी' असं मध्ये रेघा मारून लिहितात आणि शेवटी भलतंच शेपूट लावतात. किंवा 'राकुतेन.को.जेपी' पूर्ण लिहून त्याच्यापुढे आणखी काहीतरी डॉट कॉम चिकटवतात. वेबचा पत्ता उजवीकडून वाचायचा असतो. (गंमत म्हणजे जपानी लोक टपालाचा पत्ता प्रांतापासून सुरू करून घरापर्यंत येतात. वेबचा पत्ता आपल्यासारखा, घरापासून सुरू होऊन गावाकडे जातो. तरी आपणही फसतोच.) शिवाय ईमेल पाठवणाऱ्याचं नाव खोटं लावता येतं, तिथे शेपूट बघून भागत नाही. आणि नोंदणीकृत कंपनी म्हणजे प्रामाणिक कंपनी असंही नाही. '.को.जेपी' एवढंच सांगतं, की हा माणूस दप्तरी सापडेल. मला विचाराल तर एवढंही पुष्कळ आहे.

आता आपल्याकडे या. आपल्याकडेही '.को.इन' आहे, दिसायला अगदी जुळा भाऊ. पण ते कुणालाही मिळतं. कंपनी नोंदलेली आहे का, हे कुणी विचारत नाही. आणि त्याच '.को.इन'वर आपली आयआरसीटीसी बसली आहे, रोज लाखो लोक तिकिटं काढतात ती. एलआयसी नुसत्या '.इन'वर, महावितरण नुसत्या '.इन'वर. माझ्या वडिलांना ई-चलनाचा खोटा मेसेज आला होता. कार्ड हातात घेऊन बसले होते. मी म्हटलं, बाबा, शेवटी 'गव्ह.इन' आहे का बघा. नव्हतं. वाचले. पण वीजबिलाचा मेसेज आला तर मी त्यांना काय बघायला सांगू?

बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेनं शहाणपण केलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये '.बँक.इन'ची घोषणा केली, ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली. हे शेपूट फक्त बँकांना, आणि देणार हैदराबादची आयडीआरबीटी, म्हणजे रिझर्व्ह बँकेनंच उभी केलेली संस्था. हाच तो जपानी नियम. मग वीज, विमा आणि रेल्वेला असं एकेक राखीव शेपूट द्यायला काय हरकत आहे? आणि बँकांनो, नवा पत्ता घेतलात ते उत्तम, पण शाखेत येणाऱ्या आजी-आजोबांना तो सांगणार कोण? दारावर गृहकर्जाचा फ्लेक्स लागतो, तिथेच तेवढ्याच मोठ्या अक्षरात पत्ता लावा की.

आणि मित्राचं काय झालं? तो म्हणाला, "आपण '.को.इन' घेऊ, जपान्यांना घरच्यासारखं वाटेल." मी समजावलं, की नावात कंपनी दिसते पण पाठीमागे तपासणी काही नाही. तरी त्यानं तेच घेतलं, वर्षाला हजाराच्या आत पडलं. नव्या पत्त्यावरून मेल गेला, सोबत कंपनीच्या नोंदणीचा दाखला मी भाषांतर करून जोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचं उत्तर आलं. आभार मानले होते आणि पाचशे नगांची ट्रायल ऑर्डर होती. पत्त्याबद्दल एक शब्दही नव्हता. दाखल्यावरच्या पिनकोडमध्ये एक आकडा अस्पष्ट दिसतो, तेवढा कळवा, असं मात्र लिहिलं होतं.