काश्मीरचा बर्फ, वडनेरचा पाऊस: गाडी घसरते तेव्हा नेमकं काय होतं?

डिसेंबर 2024 मध्ये मनालीजवळ सोलंग ते अटल बोगद्यादरम्यान बर्फवृष्टीत शेकडो वाहनं अडकली. उतारावरून घसरत जाणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ महाराष्ट्रातही फिरले.

वर्धा जिल्ह्यात बर्फ पडत नाही. पण हिंगणघाट तालुक्यातल्या वडनेरवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 श्रीनगरला सुरू होतो आणि कन्याकुमारीला संपतो. हिवाळ्यात याच महामार्गावर बनिहाल-काझीगुंड भागात बर्फ असतो, तर पावसाळ्यात वडनेरला पाणी आणि चिखल. दोन्हीकडे गाडी घसरण्याचं कारण एकच असतं, टायरची पकड सुटणं.

पकड किती कमी होते?

ब्रेक फक्त चाक रोखतो. गाडी थांबते ती टायर आणि रस्त्यातल्या घर्षणामुळे. ताशी 60 किमी वेगाची कार ब्रेक लागल्यावर कोरड्या डांबरावर साधारण 20 मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर हेच अंतर 35 मीटर, दबून घट्ट झालेल्या बर्फावर 70 आणि गुळगुळीत गोठलेल्या थरावर 140 मीटरपर्यंत जातं. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या एका सेकंदात आणखी 17 मीटर कापले जातात. वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं.

फोर बाय फोर गाडी बर्फात पुढे जायला मदत करते, लवकर थांबायला नाही.

वडनेरसारख्या ठिकाणी धोका कधी?

पहिल्या पावसात. उन्हाळाभर साचलेली धूळ आणि सांडलेलं तेल पाण्यात मिसळून रस्त्यावर निसरडा थर तयार होतो. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांना लागलेली काळी माती डांबरावर येते. दुचाकीस्वारांना याचा धोका सर्वाधिक.

दुसरा धोका साचलेल्या पाण्याचा. वेग जास्त असेल, तर टायरच्या खाचांना पाणी बाहेर फेकता येत नाही आणि गाडी पाण्यावर तरंगते. स्टिअरिंग अचानक हलकं लागणं ही त्याची खूण. टायर जितका घासलेला, तितक्या कमी वेगात हे घडतं.

गाडी घसरली तर?

घाबरून ब्रेक दाबणं आणि स्टिअरिंग झटक्यात फिरवणं, या दोन्ही गोष्टी टाळायच्या. उरलेली थोडी पकड एकाच वेळी थांबायला आणि वळायला पुरत नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा, नजर जायचं त्या दिशेला ठेवायची आणि स्टिअरिंग हळूच तिकडे वळवायचं. एबीएस असेल तर आणीबाणीत ब्रेक दाबून धरता येतो. त्यामुळे गाडी वळवता येते, पण अंतर कमी होईलच असं नाही.

म्हणून खरी काळजी आधीच घ्यावी लागते. ओल्या रस्त्यावर वेग कमी ठेवायचा, पुढच्या वाहनापासूनचं अंतर दुप्पट करायचं आणि पावसाळ्याआधी टायर तपासून घ्यायचे. विदर्भातून मनाली किंवा काश्मीरला गाडी नेणाऱ्यांनी चाकांच्या साखळ्या सोबत ठेवाव्यात, उतारावर खालच्या गिअरमध्ये चालवावं आणि पोलिसांनी रस्ता बंद केला असेल तर थांबावं.